मालनबाईची रजा

“गप गं. बाप कुठं गेलाय, दिसत नाय का?”

तीस वर्षं होत आली, तरी आईचा तो आवाज संध्याच्या कानात होता तसा होता. अर्धा दटावणीचा, अर्धा मिरवण्याचा. कन्नडजवळच्या एका वस्तीवर जलसा होता आणि जलशाआधी बाभळीखाली पंगत बसली होती. बाप, शाहीर कडुबा, भाकरीचा घास हातात धरून मध्येच थांबला. नजर समोरच्या बाभळीवर, पण बाभळीच्याही पार पल्याड गेलेली. ओठ बारीक बारीक हलत होते, बडीशेप चघळावी तसे. बोटं भाकरीचा कुटका चुरत होती. सात वर्षांची संध्या हसून म्हणाली, “आबा, सांडलं की!” आणि आईनं तिच्या मांडीला चिमटा काढून तिला गप केलं होतं. मग सगळी पंगतच गप झाली. कुणी ताटाला तांब्या लागू दिला नाही. थोड्या वेळानं कडुबानं घास तोंडात घातला, इकडंतिकडं पाहिलं, आणि मंडळींनी धरलेला श्वास सोडला. शाहिराला गाणं लागलं होतं.

दुसऱ्यांच्या घरात माणसाला वारं लागतं, नजर लागते. ह्यांच्या घरात गाणं लागायचं. लागलं की बोलायचं नाही, हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. शब्द येत असतात, ते बिचकतील.

आणि आता, फेब्रुवारीतल्या ह्या लख्ख सकाळी, उस्मानपुऱ्यातल्या घरासमोर उभ्या असलेल्या पांढऱ्या व्हॅनच्या टपावर तिचा भाऊ चढला होता. बुद्धभूषण स्पीकरला दोरी आवळत होता, एक पाय कॅरिअरवर, दुसरा हवेत. संध्या खाली उभी होती. दोरीचं टोक धरायचं हे निमित्त. तिचे डोळे दोरीवर नव्हते, त्याच्या ओठांवर होते. ते हलतायत का? कसे हलतायत?

“दादा, खाली उतर ना. मी बांधते.”

“तू बांधलं तर स्पीकर आपल्या आधी घाट उतरून चाळीसगावला पोचंल,” तो हसला. “आणि अशी काय बघू राहिलीस? मी काय पडतोय का?”

तिनं मान हलवली. दोरीचा आणखी एक वेढा हाताला दिला.

बुद्धभूषण चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्याला गायला कुणी नेमलं नव्हतं आणि म्हणून कुणी काढूही शकत नव्हतं. ना कंपनी, ना पक्ष, ना मंडळ. स्वतःची गाणी, स्वतःचे स्पीकर, स्वतःची गाडी. मोबाईलवर गाणं टाकायचं. कुठल्या तरी गावातून फोन यायचा, ‘सर, आमच्याकडं येता का?’ की निघायचं. वाचनालयाच्या ओट्यावर, कॉलेजच्या मैदानात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गायचं. कुणाच्या तरी ओसरीवर पाठ टेकायची, सकाळी धुतलेले शर्ट व्हॅनच्या खिडक्यांना लटकवून पुढचं गाव गाठायचं. बाप हेच पायी आणि एसटीनं करत होता. ह्या वेळचा दौरा आजवरचा सगळ्यात मोठा होता: धुळे, नंदुरबार, जळगाव, बुलढाणा. तेवीस दिवस, एकोणीस गावं. वाजवणारे दोघं कन्नडच्या फाट्यावर चढणार होते. दुपारी एकला गाडी निघणार होती.

पण त्याआधी रजा घ्यायची होती. कडुबाच्या आईपासूनची ही रीत. दौऱ्यावर निघायच्या आधी वाद्यं पुढच्या खोलीत मांडायची, घरातल्या थोरल्या बाईसमोर एक गाणं म्हणायचं, आणि तिनं ‘जा’ म्हणायचं. तिनं ‘जा’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. गेली कित्येक वर्षं हे ‘जा’ आईच्या, मालनबाईच्या, तोंडी होतं, आणि ते तिनं कधी अडवलं नव्हतं.

*

रामकिसनकाका कन्नडहून पहिल्या एसटीनं आला होता. कडुबाचा धाकटा भाऊ, जन्मभर त्याच्या मागं ढोलकीवर बसलेला. पायाच्या सांध्यांनी आता दगा दिला होता, पण बोटं आणि जीभ दोन्ही शाबूत.

“काय संधे,” दारातूनच तो ओरडला, “तुझं ते घाटातलं कुत्रं बरंय का?”

टपावरून भूषण खो खो हसला. “काका, त्या कुत्र्यानं माझा टायर घासला! हिनं स्टिअरिंगच ओढलं. म्हटलं, बाई, कुत्रं वाचलं पर आपण दरीत गेलो असतो.”

“कुत्रं लई नशीबवान. आम्हाला कधी कुणी असं वाचवलं नाय,” काका म्हणाला.

संध्याही हसली. तिला हसता आलं ह्याचीच तिला भीती वाटली.

कुत्रं नव्हतंच. नऊ दिवसांपूर्वी पाचोऱ्याकडून परत येताना, सकाळच्या कोवळ्या उन्हात, गाडी कन्नडचा घाट चढत होती. मागं वाजवणारे दोघं झोपले होते. भूषण तिला नव्या गाण्याची चाल सांगत होता. बोलता बोलता तो मधल्या शब्दावर थांबला. तिनं पाहिलं, तर ओठ हलत होते, बडीशेप चघळल्यासारखे. पाय ॲक्सिलरेटरवर तसाच होता. वळण आलं आणि गाडी वळली नाही. कठड्याच्या पलीकडं झाडांचे नुसते शेंडे दिसत होते. संध्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग आपल्याकडं ओढलं, टायर घासला, गाडी डोंगराच्या बाजूला खडीवर चढून बंद पडली. पाच-सात सेकंदांनी भूषणनं तिच्याकडं पाहिलं. “काय गं? काय झालं?”

“कुत्रं आलं होतं आडवं,” ती म्हणाली.

का म्हणाली? तोंडात तेच आलं. वर्षानुवर्षांची सवय होती ती. भूषण गाताना थांबला की मागून त्याची ओळ उचलून धरायची, झील धरायची, हे तिचं कामच होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं कार्यक्रमाचे दोन व्हिडिओ मोबाईलमध्ये घेऊन एक दवाखाना गाठला होता. डॉक्टरीणबाईंनी ते तीन-तीनदा पाहिले. पडद्यावरच्या ओठांवर बोट ठेवून, थांबवून पाहिले. “ह्याला फिटच म्हणतात ताई. सगळ्याच फिट माणसाला आडवं पाडत नाहीत. त्यांना स्वतःला कळतही नाही. त्यांना घेऊन या, तपासू, औषध सुरू करू. आणि तोवर गाडी अजिबात नाही. उंचावर चढणं नाही, विहिरी-तलावाकडं एकटं जाणं नाही.”

विहीर-तलाव म्हटल्यावर संध्याला कालवा आठवला. तिचा बाप कालव्यात सापडला होता.

नऊ दिवस तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. तिचा हिशेब होता की तनुजावहिनी भांडेल. अठरा वर्षांत एक दौरा असा गेला नव्हता, की वहिनीनं निघताना तोंड फिरवलं नाही. तेवीस दिवस म्हटल्यावर ती आकांत करील, दौरा पुढं जाईल, आणि तेवढ्यात आपण दादाला काहीतरी सांगून तपासायला नेऊ. कुणाला दुखवायला नको, काही बोलायला नको.

तेवढ्यात आतून तनुजा आली. हातात मोठी बॅग. मागं तिची लेक श्रेया, पाठीवर सॅक, गळ्यात हेडफोन, आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू सगळ्या गावांनी तिलाच फोन केला होता.

“आम्ही पण येतोय,” तनुजा म्हणाली.

काकानं ढोलकीवर थाप मारली. “वा रे वा! सूनबाई, तुम्ही? सूर्य कुठनं उगवला?”

“उगवू द्या कुठूनही. अठरा वर्षं दारात उभी राहून हात हलवला काका. आता नाही.” तिचा आवाज खाली आला. “माणूस थकलाय माझा. समोर बसलेला असतो आणि नसतोच. हाक मारली तर ओ नाही. म्हटलं गाणं घोळत असंल, पण सोबत कुणीतरी पाहिजे ना, वेळेवर जेवू घालायला. श्रेयाच्या कॉलेजचं मी बघून घेतलंय. धुळ्याला ती पहिल्यांदा गाणार.”

“आत्याबरोबर झील धरणार,” श्रेया म्हणाली.

“आणि संध्याताई, ह्या वेळी तुम्ही मागं बसा बरं का. श्रेयाला पुढं बसायचंय. तिला घाट बघायचाय.”

संध्याच्या डोळ्यांसमोर पुढची सीट आली. सतरा वर्षांची पोर, खिडकीबाहेर मोबाईल धरून घाट टिपणारी. शेजारचा माणूस गप झाला तर ती वळून बघणारही नाही. बघितलं तर बोलणार नाही.

“दादा,” ती म्हणाली. आवाज तिच्या मनात होता त्यापेक्षा मोठा निघाला. “ह्या वेळी ड्रायव्हर घेऊ.”

भूषण टपावरून उतरून हात झटकत आत येत होता. “कामून?”

“एवढा मोठा दौरा. तूच गाणार, तूच चालवणार. झोप नाही नीट.”

“आन् आजपर्यंत कोण चालवत होतं? तुझं कुत्रं?”

“मी खरं बोलतेय.”

“मी पण खरंच बोलतोय. आबा पायाला फोड येईपर्यंत चालले. मला चाकं मिळाली. ती दुसऱ्याच्या पायात देऊ?”

“ड्रायव्हर नको रे बाबा,” काका मध्ये पडला. “ड्रायव्हर आला की तो म्हणतो इथं थांबू नका, तिथं उशीर झाला. एखाद्या माउलीनं रस्त्यात हात केला, चहा घ्या म्हणली, तर हा हॉर्न वाजवणार. आपली गाडी आपल्याच हाती बरी.”

तनुजा संध्याकडं टक लावून पाहत होती. “संध्याताई, तुम्हाला आम्ही यायला नकोय का? सरळ सांगा. आम्ही निघालो की अचानक ड्रायव्हर आठवला तुम्हाला.”

“तसं नाही वहिनी.”

“मग कसं? इतकी वर्षं दौरा म्हणजे तुम्ही दोघं बहीण-भाऊ. गावोगावचे फोटो मी मोबाईलवर बघायचे. मला वाटलं होतं, तुम्हीच खूश व्हाल.”

खोलीतली हवा बदलली. कालपरवापर्यंत ज्या वहिनीच्या भांडणावर संध्यानं सगळं टाकलं होतं, ती आता तिच्याचविरुद्ध नवऱ्याच्या बाजूला जाऊन उभी होती. काका ढोलकीची कडी उगाच कसू लागला. भूषणच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होतं. बहिणीला आपला हात भरवशाचा वाटत नाही, एवढंच त्याला कळलं होतं.

“संधे,” आतून मालनबाईची हाक आली. “चहा न्यायला ये.”

*

चहा उकळून उकळून काळा झाला होता. मालनबाईनं गॅस बंद केला नाही. सत्तरी ओलांडलेली ती बारीक अंगाची बाई ओट्याला टेकून उभी होती, आणि तिनं वळून न बघता विचारलं,

“किती वेळा?”

“काय किती वेळा?”

“मला नको शिकवू. मी फोनवर ऐकते तुमचे कार्यक्रम. तू चौथी ओळ मधीच फिरवत ठेवतीस. फिरवायचं कारण नसतंय तिथं.”

झील धरणं म्हणजे गाणाऱ्याची शेवटची ओळ उचलून मागं घोळवत ठेवणं. गाणारा दम घेतो, शब्द विसरतो, कुठंतरी जातो. झीलकरी तीच ओळ फिरवत राहतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं चालच तशी आहे. इतक्या गावांत इतक्या माणसांत कुणाला कळलं नव्हतं. जिनं स्वतः कडुबामागं एकोणीस वर्षं झील धरली होती, तिला मोबाईलच्या फाटक्या आवाजातूनही कळलं होतं.

“अकरा वेळा,” संध्या म्हणाली. “सात महिन्यांत. मी बघितलं तेवढ्या.”

“गाडीत?”

“एकदा. घाटात. कुत्रं बित्रं काही नव्हतं आई.”

मालनबाईनं ओट्याची कड धरली.

“डॉक्टरला विचारलंस?”

“विचारलं. गाडी चालवायची नाही म्हणाल्या. औषध आहे त्याला. आई, आबांना पण हेच होतं. गाणं बिणं काही लागत नव्हतं त्यांना. आपण नुसतं...”

“हळू बोल.” मालनबाई वळली. तिचे डोळे कोरडे होते, आणि संध्यानं आईच्या डोळ्यांत इतकं उघडं भय ह्याआधी पाहिलं नव्हतं. “नको सांगू त्याला.”

“आई!”

“तू पुढं बस. हात मोकळा ठेव. पोरीला बी शिकव, दोघी धरा. मी एकोणीस वर्षं धरलं तुझ्या बापाला. नदीला गेला तर मागं, रस्ता ओलांडला तर पदर त्याच्या हातात.”

“आणि विसाव्या वर्षी?”

बोलून गेल्यावर संध्यालाच ते शब्द चटका बसावा तसे लागले. विसाव्या वर्षी मालनबाई आजारी भावाला बघायला माहेरी गेली होती. दोन दिवसांसाठी. दुसऱ्या दिवशी दुपारी कालव्याच्या काठावर कडुबाची चप्पल सापडली.

मालनबाईनं कप मांडायला घेतले. मग म्हणाली, “सांगितलंस तर भूषण गायचा थांबंल.”

“कशावरून?”

“मला म्हाईतंय.”

“तुला कसं माहीत असणार? कुणी सांगितलं तुला?”

“म्हाईतंय म्हणलं ना!” तिनं गॅस बंद केला, चहा गाळायला घेतला, आणि निम्मा गाळणीबाहेर सांडला. “घेऊन जा. लोकं बसलीत.”

*

साडेबारा झाले होते. सगळे सतरंजीवर गोल बसले. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीला आणि तिच्याशेजारच्या कडुबाच्या फोटोला भूषणनं हात जोडले. मालनबाई खुर्चीत बसली, पायाखाली पाट. रजेच्या वेळी तिला खाली बसू देत नसत.

गाणं कडुबाचंच घ्यायचं, हे ठरलेलं होतं. भूषणनं गिटार मांडीवर ओढली. काकानं ढोलकीला हलकं बोट लावलं. आणि आवाज आला, तोच, बापाच्या आवाजाला थोडी शहरी कल्हई लावल्यासारखा:

एक गाव मागं पडे, एक गाव पुढं येई
दोन गावांच्या मधात माझं घर उभं राही

‘उभं राही गं, उभं राही,’ संध्यानं झील धरली, आणि तिच्या बाजूनं श्रेयाचा कोवळा, किंचित थरथरता आवाज येऊन मिळाला. पोरीला सूर होता. इतका सरळ सूर, की काकानं डोळे मिटून घेतले. संध्या मात्र भावाच्या तोंडाकडं बघत होती. गाणं संपलं. काही झालं नाही. तिला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी लाज वाटली. आत्ता झालं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं, असं तिला वाटून गेलं होतं.

“क्या बात!” काका म्हणाला. “वहिनी, नात तुमची गादी चालवती बरं का.”

“बेटा, झील म्हणजे नुसती साथ नाही,” भूषण कौतुकानं लेकीला सांगत होता. “मी मध्येच थांबलो तर तू घाबरायचं नाही. ओळ धरून ठेवायची.”

“मला माहितीय पप्पा,” श्रेया म्हणाली. “तुम्हाला गाणं लागतं तेव्हा मी कधीच बोलत नाही. परवा क्लासला सोडताना नाही का, क्रांती चौकात सिग्नल सुटला तरी तुम्ही स्कूटी काढलीच नाही. मागून सगळे हॉर्न मारत होते, एक ट्रकवाला तर शिव्या द्यायला लागला. आणि मग तुम्ही एकदम सोडली ना, मधूनच, तिकडून रिक्षा येत होती तरी. मी गच्च धरून बसले. पण बोलले नाही. म्हटलं, शब्द बिचकतील.”

काका हसला. “बघा! ही खरी कडुबाची पणती!”

“नात, काका,” तनुजा हसत म्हणाली.

भूषण हसला नाही. “कधी? मला नाही आठवत.”

“आत्या,” श्रेया वळली, “तू का रडतेस?”

संध्याला आपण रडतोय हे कळलंच नव्हतं. तिनं आईकडं पाहिलं. मालनबाईनं मान हलवली, अगदी बारीक. नको.

“दादा,” संध्या म्हणाली, “गाडीची चावी दे.”

“परत तेच?”

“घाटात कुत्रं नव्हतं. रस्ता मोकळा होता. तू थांबलास आणि गाडी कठड्याकडं चालली होती. मी ओढली. तुला कळलं नाही. तुला कधीच कळत नाही, कारण प्रत्येक वेळी मी सावरून घेते. जामनेरला, बीडला, लातूरला दोनदा. अकरा वेळा, दादा. हे गाणं लागणं नाही. फिट आहे ती. मी डॉक्टरला दाखवलंय.”

ढोलकी काकाच्या मांडीवरून घसरली.

“काहीतरीच काय बोलता संध्याताई!” तनुजा उठली. “फिट म्हणजे माणूस पडतो, फेस येतो.”

“सगळे पडत नाहीत वहिनी. हे बघा.” तिनं मोबाईल काढला. लातूरचा व्हिडिओ. माइकसमोर भूषण, गिटारीवरचा हात मध्येच सैल, बोटं एकाच तारेला चोळत, ओठ हलतायत, डोळे कुठंच नाहीत. मागं संध्याची झील फिरतेय, फिरतेय. समोरचे लोक माना डोलावतायत.

सगळे वाकून बघत होते. संध्याला वाटलं, आता कळेल. आता कुणीही बघून ओळखेल.

रामकिसनकाकाच्या डोळ्यांत पाणी आलं. “हुबेहूब कडुबा,” तो पुटपुटला. “हुबेहूब. असाच जायचा रे तुझा बाप. बघ, बघ, ओठांवर शब्द कसे येतायत.”

“हो ना,” श्रेया म्हणाली. “असंच होतं पप्पांचं.”

पुरावा त्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि त्यांना त्यात गाणं दिसत होतं.

भूषणनं व्हिडिओ परत एकदा पाहिला. मग मोबाईल बहिणीच्या हातात ठेवला, हळूच, आजारी माणसाच्या हातात काही ठेवावं तसा. “संधे, तू दमलीस. तूच थांब ह्या वेळी. श्रेया आहे झील धरायला.” त्यानं खिशात हात घालून चावी चाचपली आणि उठून उभा राहिला. “एक वाजला. पोरं फाट्यावर उभी असतील. आई, सांग हिला. तू आबांबरोबर होतीस. त्यांना काय रोग होता का? सांग, आणि रजा दे.”

बाहेर श्रेयाची सॅक व्हॅनच्या पुढच्या सीटवर आधीच जाऊन बसली होती. उघड्या दारातून तिचा लाल पट्टा दिसत होता.

मालनबाई खुर्चीतून उठली. पाटाला पाय लागून पाट कलंडला. ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभी राहिली.

“रजा नाय,” ती म्हणाली.

“आई?”

“तुझ्या बापाला गाणं लागत नव्हतं. फेफरं होतं. न पाडणारं.”

“वहिनी, काय बोलता!” काका म्हणाला. “मी आयुष्यभर त्याच्या मागं बसलो...”

“तुम्हाला ढोलकी दिसत होती भावजी. मला माणूस दिसत होता. मी नेलं होतं त्याला मोठ्या दवाखान्यात. कुणाला सांगितलं नाय. गोळ्या दिल्या, रोज दोन. बंद झालं सगळं. पंगतीत थांबणं नाय, रस्त्यात थांबणं नाय. पर सुस्त राहायचा. आठ महिने एक ओळ सुचली नाय त्याला. ढोलकी पुढं ठेवली तर पाव्हण्याकडं बघावं तसा बघायचा. डॉक्टर म्हणले होते, बाई, घेऊन या, गोळी बदलून बघू, दम धरा. मी नाय धरला. लोकं म्हणायली, शाहीर संपला. मला ते ऐकवंना.”

भूषणचा हात खिशातच राहिला होता.

“मी गोळ्या चुलीत टाकल्या. डॉक्टरनंच बंद करायला सांगितल्या म्हणले त्याला. त्यानं इश्वास ठेवला रे. मग दोन हंगाम लई गायला. आत्ता म्हणलात ते गाणं त्यातलंच. आन् मग मी माहेरी गेले, आन् कालवा.” तिचा आवाज एवढा खाली आला, की सगळ्यांना पुढं झुकावं लागलं. “त्या आठ महिन्यांत घरात जेवत होता, तुमची नावं घेत होता, उन्हात बसत होता. चांगला होता. मला गाणं पायजे होतं.”